मावशीची शीग

आमच्या व्यापारी मंडळाच्या अध्यक्षांनी हौसामावशीला फसवलं. माझ्या दुकानात, माझ्यासमोर, तिच्या हातावर हात ठेवून शब्द दिला आणि पाळला नाही. हे आधीच सांगून टाकतो, कारण पुढे मी मावशीबद्दल जे लिहिणार आहे ते वाचून कुणाला वाटेल की सगळं गोडीगुलाबीचं होतं. मावशी गोड होती. प्रकरण गोड नव्हतं.

लोणावळ्याच्या बाजारात तिला हौसाबाई म्हणून कुणी ओळखत नसे. ती शीगवाली मावशी. बेडशाची. कामशेतला गाडी धरून यायची, डोक्यावर तांदळाचं गाठोडं आणि त्यात पितळी मापटं. बाकीचे सगळे काट्यावर तोलून देऊ लागले तरी ती मापानंच द्यायची. माप काठोकाठ भरलं की वरून मुठीनं तांदूळ सोडत राहायची, इतका की माथ्यावर टोकदार ढीग उभा राहायचा आणि दाणे चहूकडून घरंगळायचे. ती शीग. घरंगळलेले दाणेही ती गिऱ्हाइकाच्याच पिशवीत लोटायची. "सपाट माप सरकारनं करावं," ती म्हणायची, "मानसानं शीग लावावी."

मी सपाट मापाचा माणूस. वडील परंदवडीत दोर वळायचे. मी फुटपाथवर प्लास्टिकचे कागद विकत सुरुवात केली आणि आज ताडपत्रीचं स्वतःचं दुकान आहे, ते कुणाच्या मेहरबानीनं नाही. घासाघीस करायला येणाऱ्याला मी चहा पाजतो आणि माझ्याच भावात माल देतो. मावशीनं मात्र मला दरवर्षी हरवलं.

पावसाळ्याच्या तोंडावर ती यायची. आधी ताडपत्री उन्हाकडे धरून भोकं बघायची, मग कोपरा दातांनी चावून बघायची.

"सलीम, किती सांगतोस?"

मी सांगायचो.

"ह्याच्यात काय हत्ती झाकायचाय व्हय?"

"मावशी, हा माल फाटायचा नाही. तुमच्या मागेसुद्धा राहील."

"मग माझ्या मागं ऱ्हानाऱ्या वर्सांचं पैसं मी का देऊ?"

भाव पाडून घ्यायची आणि जाताना माझ्या दुकानातला रिकामा डबा शोधून त्यात तांदूळ ओतायची, शीग लावून. पैसे पुढे केले की ओरडायची, "ह्यो सौदा न्हाई!" या बाईशी व्यवहार कसा करायचा ते मला शेवटपर्यंत जमलं नाही.

ताडपत्री चावून बघायची सवय कुठून आली, ते तिनं एकदाच सांगितलं. तिचं सासरचं गाव धरणात गेलं तेव्हा ती नवी नवरी होती. सगळं गाव वाकळा, भांडी, कोंबड्या घेऊन पायी निघालं. वाटेत एक मोठं गाव लागलं, आणि त्या दिवशी तिथला बाजार होता.

"आमी डोक्यावर वाकळा घिऊन त्या बाजारातनं चाललो. सासू रडत व्हती. अन् बाजार आपला चालूच. कुणी वांगी तोलतंय, कुणी भाव करतंय. एकानं बी मान वर करून इचारलं न्हाई, की बायांनो, कुटं चाललाय?" मग ती पुन्हा ताडपत्री चाचपायला लागली. "पुढं आख्खा पावसाळा गळक्या कापडाखाली काडला. पर त्या पान्याचं मला दुख न्हाई, सलीम. बाजाराचं हाय."

माझ्या दुकानात गल्ल्यावर एक छोटा टीव्ही आहे. एका सकाळी त्यावर लढाईतून पळून निघालेली माणसं दाखवत होते. लांबच लांब रांग, खांद्यावर पोरं, डोक्यावर गाद्या. मावशी माझा डबा भरत होती. तिचा हात तसाच राहिला आणि तांदूळ डब्याबाहेर सांडला. "बग," ती म्हणाली, "वाकळा."

त्या देशाचं नाव तिला कधीच पाठ झालं नाही. पण दुसऱ्या दिवशी ती पुन्हा आली, तांदूळ न घेता, नुसता टीव्ही बघायला.

त्याच आठवड्यात गावातली कॉलेजची काही मुलं आणि एक निवृत्त शिक्षक त्या निर्वासितांसाठी मोर्चा काढायचा म्हणून दुकानोदुकानी सांगत फिरत होते. बाजारपेठेतून निघायचं आणि चौकात जायचं. मावशी लगेच तयार. मी तिला व्यवहार समजावला. असल्या मोर्चात माझ्यासारखा सलीम पुढे चालला की लोक म्हणतात, हा त्यांचा मोर्चा. तोच व्यापारी मंडळ चाललं की गावाचा मोर्चा होतो.

"मग मंडळाला बोलव की," ती म्हणाली.

मी अध्यक्षांना चहाला बोलावलं. अध्यक्षांचं चिक्कीचं दुकान आहे, मोक्याच्या जागी. माणूस हसरा. त्यांनी चहाचा घोट घेतला आणि विचारलं, "मावशी, पण ती माणसं आपली कोण?"

"डोक्यावर वाकळ घिऊन निघाल्यालं मानूस कुनाचं असतं, बाबा? वाटंवर जो हाय त्येचंच की."

तिला वर्गणी नको होती, भाषण नको होतं. "मोर्चा म्होरनं जाईस्तवर बाजार थांबवा. काटा खाली ठेवा अन् मान वर करा. येवडंच."

"दोन मिनिटं शांतता पाळू," अध्यक्ष म्हणाले.

"दोन मिंटात तुमच्या काट्याची दांडी बी ठरत न्हाई."

"बरं, पाच मिनिटं."

"मोर्चा जाईस्तवर."

बराच वेळ चाललं. अखेर अध्यक्षांनी तिच्या हातावर हात ठेवला. "शब्द दिला, मावशी. सगळी शटरं अर्ध्यावर घेतो आणि मी स्वतः पुढे चालतो." जाता जाता मला म्हणाले, "सलीमभाई, तुम्ही दुकानातच थांबा. बरं दिसेल." मी ऐकलं. शब्दाला शब्द, असा माझा हिशेब होता.

मोर्चा रविवारी होता. त्या दिवशी ऊन पडलं आणि पुण्या-मुंबईच्या गाड्यांनी बाजार फुलून गेला. एकही शटर खाली आलं नाही. मूठभर माणसं, हातात पुठ्ठ्याचे फलक, आणि सगळ्यांच्या पुढे मावशी. तिनं बेडशाहून एक वाकळ आणली होती. ती डोक्यावर घेऊन ती बाजारातून चालत आली.

अध्यक्षांच्या दुकानासमोर ती थांबली. मागे मोर्चाही थांबला. अध्यक्ष गल्ल्यावर होते. त्यांचं दुकान माझ्या समोरच, त्यामुळे मला सगळं दिसत होतं.

"अध्यक्ष, गिऱ्हाईक हाय व्हय?"

"मावशी, रविवार आहे हो. तुम्ही व्हा पुढे, मी आलोच."

"उरका, उरका. आमी थांबतो."

आणि ती खरंच थांबली. घोषणा नाही, आरडाओरडा नाही. ओझं डोक्यावर तसंच. अध्यक्ष खाली मान घालून चिक्की तोलत राहिले. बंदोबस्ताचा हवालदार म्हणाला, "आजी, चला आता, रस्ता अडतोय." ती म्हणाली, "ह्यांनी यायचं कबूल केलंय. गिऱ्हाईक संपलं की येत्याल."

गिऱ्हाईक संपत नव्हतं. पण त्यातली एक बाई चिक्कीचा डबा हातात घेऊन पायरी उतरली. चांगल्या घरची, पुण्याकडची असावी. मावशीजवळ येऊन तिनं सहज विचारलं, "आजी, एवढं ओझं घेऊन कुठे चाललात?"

मावशीचा चेहरा मी पाहिला. तिनं एका हातानं डोक्यावरची वाकळ सावरली. मग डोळे पुसून म्हणाली, "हितंच, बाई. चौकापोतर."

ती बाई मोर्चात उभी राहिली. चिक्कीचा डबा हातातच.

मग मी माझं शटर ओढलं. पूर्ण, अर्ध्यावर नाही. तडक अध्यक्षांच्या पायरीकडे निघालो होतो, पण मावशीनं मनगट धरलं. म्हाताऱ्या बाईच्या हातात केवढा जोर!

"राग मागनं कर. आदी वाकळंचं टोक धर."

"मी फक्त त्या कोपऱ्यापर्यंत येणार, मावशी."

"बरं, कोपऱ्यापोतर."

कोपरा आला तेव्हा म्हणाली, "आता त्या औषधाच्या दुकानापोतर." पुढे म्हणाली, "वळणापोतर." असं मला तिनं चौकात आणलं. तिथे शिक्षकांनी तिच्या हातात माइक दिला. ती म्हणाली, "आमी हितं उबं हाओत. लांबच्या मानसांनी ध्यानात ठेवावं." आणि माइक परत केला.

पुढच्या बाजाराला मी बघतो तर काय, अध्यक्ष तिच्याकडे तांदूळ घेत होते, आणि ती त्यांना शीग लावून देत होती! ते गेल्यावर मी तिच्यावर खेकसलो.

"त्याला कशाला शीग? शब्द मोडला त्यानं!"

"माप माजं हाय, सलीम. त्येचं न्हाई."

"आणि विचारायचं नाही त्याला?"

"मला तांदूळ इकायचाय. तुला भांडायची हौस हाय, तर मी गेल्यावर तू इचार." आणि हसली.

ती यंदाच्या पावसाळ्यात गेली. तिच्या मुलाचा फोन आला, पाऊस थांबत नाही, ताडपत्री घेऊन या. मी दुकानातला सगळ्यांत जाड माल काढला. मापाला कात्री लावली, आणि कात्री आपसूक हातभर पुढे सरकली. बेडशाला चिता पेटेपर्यंत चौघांनी चार कोपरे धरले. एक माझ्याकडे होता. चावून बघायला कुणी नव्हतं. तेव्हापासून दुकानात तो हातभर जास्तच कापला जातो. गिऱ्हाइकांना वाटतं, म्हाताऱ्याची नजर गेली.

तिसऱ्या दिवशी अध्यक्षांनी बाजार बंद ठेवला. 'बाजाराची आजी' म्हणून तिच्या फोटोचा मोठा फलक लावला. मंगळवार होता, धुवांधार पाऊस होता, रस्त्यावर एक पर्यटक नव्हता. अर्धा दिवस सगळी शटरं खाली. अध्यक्ष बोलले, मावशीनं आम्हाला माणुसकी शिकवली. लोकांनी माना डोलावल्या. मी गप्प बसलो, कारण मयताच्या सभेत भांडू नये एवढं मलाही कळतं.

आता सभा संपली आहे. मावशीनं हे काम माझ्यावर टाकलंय आणि मी ते सोडणार नाही. अध्यक्ष, ती मेल्यावर अर्धा दिवस थांबलेला बाजार, ती डोक्यावर वाकळ घेऊन तुमच्या दारात उभी असताना का थांबला नाही? उत्तर मला देऊ नका. बेडशाला जा, तिच्या उंबऱ्यावर बसा, आणि मान वर करून तिच्या घरच्यांना सांगा.