गोठ्यातली गाडी

आमच्या हिंगणीचा प्रेमदास काट्यावर विश्वास ठेवणारा माणूस नव्हे. उभा जन्म त्यानं सवारीची जीप चालवली, पण डिझेलचा काटा कधी खरा मानला नाही. टाकीत बांबूची काडी बुडवायची, ओल पाहायची, मगच सवारी बसवायची. एकदा तर नवरदेव गळ्यात हार घालून खोळंबला, पण काडी सापडेपर्यंत जीप जागची हलली नाही.

अशा माणसाच्या दारात त्याच्या लेकीनं विजेवरची गाडी आणून उभी केली. माधवी सेवाग्रामला नर्स आहे. गाडी घेतली ती आत्यासाठी. प्रेमदासची थोरली बहीण जिजाबाई त्याच्याकडेच राहते. तिला आठवड्यातून दोनदा डायलिसिसला सेवाग्रामला न्यावं लागतं. खेप चुकली की अंगाला सूज येते, श्वास कोंडतो.

"बाबा, रात्रभर चार्ज केली की एसी लावूनही अडीचशे किलोमीटर तर जातेच."

"काडी कुठं बुडवू?" प्रेमदासनं विचारलं.

जुनी जीप शेजारच्या नागेशनं घेतली. नवी गाडी गोठ्यात गेली, कारण जाड पिनेचं सॉकेट तिथंच होतं, कडबा कापायच्या मशीनसाठी घेतलेलं. सेवाग्रामच्या खेपेच्या आदल्या दिवशी, दुपार कलली की प्रेमदास पिन लावायचा. दवाखान्याजवळ चार्जिंगची मोठी मशीन होती, पण परक्याच्या मशीनला तो गाडी कशाला लावतो!

आणि सकाळी पाहावं तर आकडा जरासाच चढलेला. खेपेगणिक गाडी उतरत चालली.

"कोणीतरी करंट ओढून राह्यला," तो मला म्हणाला. नागेशकडे नवा फ्रीज आला होता आणि गोठ्याची भिंत दोघांची एकच. झालं. प्रेमदासनं पिनेला दोरा बांधला. सकाळी दोरा जसाच्या तसा. मग गोठ्यात राख पसरली. राखेत ठसे उमटले ते त्याच्याच चपलेचे.

"पाह्य," तो म्हणाला, "चोर माह्या मापाची चप्पल घालून येते."

शेवटी एका खेपेच्या सकाळी गाडी फक्त तीस किलोमीटर दाखवू लागली. सेवाग्राम त्याहून लांब. जिजाबाईचे पाय सुजून खांब झालेले. नागेश भिंतीवरून म्हणाला, "भाऊ, जीप काढतो, बाईले बसवा."

"आधी माहा करंट वापस कर."

"कोणता करंट?"

"तुह्या फ्रीजात गेला तो."

"फ्रीज आणला तसा बंद हाय, भाऊ. बायको त्यात लुगडे ठेवते."

पण प्रेमदास ऐकेल तर ना. त्यानं बहिणीला पुढं बसवलं, सोबतीला मी मागं बसलो. एसी बंद, काचा खाली, बैलगाडीच्या चालीनं निघालो. सेलू मागं पडलं आणि आरशात जीप दिसली. नागेश मागोमाग येत होता.

"पुरावा मिटवाले येऊन राह्यला," प्रेमदास पुटपुटला.

आकडा आठावर आला, सेवाग्राम अजून दहा-बारा किलोमीटर. जिजाबाई धापा टाकत म्हणाली, "प्रेम्या, सांजच्या धारा काढून निघाला की गोठ्याचं बटन कोण बंद करते?"

"मीच. करंट लागून म्हैस मेली तवापासून रोज करतो. सकाळी धारेले चालू करतो."

"अन् हे गाडी कोणत्या बटनावर हाय?"

प्रेमदास आरशातल्या जीपकडे पाहू लागला. मी खिडकीबाहेर पाहून हसू दाबलं. नसतं दाबलं तर त्यानं मला तिथंच उतरवलं असतं.

त्यानं गाडी कडेला घेतली, उतरला आणि रस्त्यात हात आडवा केला. जीप थांबली. दोघांनी मिळून जिजाबाईला उचलून आत बसवलं. सीटखालून नागेशनं बांबूची काडी काढली, जीपसोबत आलेली, आणि पुढं केली. "पाहून घ्या भाऊ, डिझेल हाय का नाई."

प्रेमदासनं काडीकडे पाहिलं, मग बहिणीच्या पायांकडे.

"ठेव ते," तो म्हणाला. "बाईले ने लवकर."

जिजाबाई वेळेत डायलिसिसच्या मशीनवर लागली. आम्ही दोघं शून्यावर आलेल्या गाडीतून रखडत पोहोचलो आणि गाडी त्या परक्या मशीनला लावली. मग तिची आणि गाडीची, दोघींची वाट पाहत, प्रेमदास बाहेर बाकावर बसून नागेशला चहा पाजत होता. मधूनच उठून कोणी बटन बंद तर केलं नाही ना, ते पाहून येत होता.