आपल्या गादीपुरतं

भानुदासभाऊ भेटले की नमस्काराच्या आधी समोरच्याची बाही चिमटीत धरत. कापड अंगठा आणि तर्जनीमध्ये एकदा फिरवत, डोळे किंचित मिटत आणि मग निकाल देत. तेरा वर्षांपूर्वी आम्ही पडेगावला राहायला आलो, त्या दिवशी सामानाचा टेम्पो अजून फाटकाशीच उभा होता. शेजारच्या घरातून एक उंच, सावळा माणूस आला आणि त्याने माझी बाही धरली.

"सुती म्हणून दिलं ना हे तुम्हाला? मिलावट हाय. उन्हाळ्यात लई तापंल." मग हात जोडून म्हणाले, "मी भानुदास. शेजारचाच."

त्या उन्हाळ्यात शर्ट खरोखरच तापला.

मी एका महाविद्यालयात ग्रंथपाल होतो, म्हणून मला ते 'लायबरीसाहेब' म्हणत. ते स्वतः गुलमंडीतल्या एका जुन्या कापडदुकानात पस्तीस वर्षे बसत होते. त्या दुकानात चार गाद्या होत्या. साड्यांची, ड्रेसच्या कापडाची, शर्ट-पँटची आणि चादरी-पडद्यांची. भाऊ शर्ट-पँटच्या गादीवर. थोरल्या शेठजींनी घालून दिलेली शिस्त अशी की, एका गादीवरच्या माणसाने दुसऱ्या गादीच्या मालाविषयी चकार शब्द काढायचा नाही. गिऱ्हाइकाने विचारलेच तर त्या गादीकडे बोट दाखवायचे. शेठजी जाऊन कितीतरी वर्षे झाली, नव्या पिढीने शिस्त सैल केली, पण भाऊंच्या अंगात ती मुरली होती. "आपण आपल्या गादीपुरतं बोलावं," हे वाक्य ते दिवसातून एकदा तरी म्हणत.

एकदा माझी पत्नी मंगल त्याच दुकानातून डाळिंबी रंगाची साडी घेऊन आली. पैसे देताना तिने समोरच्या गादीवरच्या भाऊंना साडी दाखवून विचारले होते, "कशी आहे?" भाऊ नुसते हसले होते. पहिल्याच धुण्यात बादलीभर पाणी लाल झाले. संध्याकाळी भाऊ आले, दोरीवरची साडी पाहिली आणि म्हणाले, "मला ठावं व्हतं, ताई."

"मग दुकानात दातखीळ बसली होती का तुमची?"

"ती गादी माझी नव्हती."

मंगल चार दिवस त्यांच्याशी बोलली नाही. पाचव्या दिवशी भाऊंनी स्वतःच्या गादीवरचा शर्टपीस माझ्यासाठी आणून दिला. तो शर्ट मी अजून वापरतो.

चार वर्षांपूर्वी दुकानातल्या सगळ्यांची आरोग्यतपासणी झाली आणि भाऊंच्या रक्तात एक प्रथिन नको तितके निघाले. कागद इंग्रजीत होते, म्हणून ते मला बरोबर घेऊन रक्ताच्या डॉक्टरांकडे गेले. डॉक्टर शांत स्वभावाचे. त्यांनी सांगितले, की हा आज कर्करोग नाही, पुष्कळांना जन्मभर काही होत नाही, पण दर सहा महिन्यांनी तपासायचे. आणि आम्ही उठता उठता म्हणाले, "एक लक्षात ठेवा. नव्याने पाठ दुखायला लागली, कुठलेही हाड दुखले, तर सहा महिने वाट पाहू नका. त्याच आठवड्यात या."

हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकले. ते सांगितल्याशिवाय पुढचे लिहिता येणार नाही.

भाऊंनी रक्ताची फाईल एका साडीच्या पिशवीत घातली आणि कपाटात ठेवली. दर सहा महिन्यांनी ती निघायची, रिपोर्ट ठीक यायचा, पुन्हा आत जायची. आम्ही तिच्याविषयी बोलतही नसू.

मागच्याच्या मागच्या दिवाळीत दुकानात गर्दी होती. वरच्या फळीवरून तागा काढताना भाऊंच्या पाठीत कळ आली. "उसण भरली," म्हणाले. त्यांच्या पत्नी सुलोचनावहिनींनी तेल चोळले, मिठाच्या पुरचुंडीने शेकले. तीन आठवड्यांनीही ते फाटकाची कडी वाकून काढू शकत नव्हते. तेव्हा मी त्यांना स्कूटरवर बसवून हाडांच्या डॉक्टरांकडे नेले. निघताना म्हणालो, "ती फाईल घेऊ या का?"

"रक्ताची? आन् हाडाच्या डॉक्टराला दाखवायची?" ते हसले, आणि हसताना कळ येऊन थांबले. "साहेब, साडीचा भाव पँटच्या गादीवर विचारत्यात व्हय?"

आत डॉक्टरांनी पाठ दाबून पाहिली आणि विचारले, "बीपी, शुगर? आणखी काही आजार?"

"नाय साहेब. तागा उचलला, तेवढंच."

मग भाऊंनी माझ्याकडे पाहिले. दुकानात एखादा सहकारी दुसऱ्या गादीविषयी बोलू लागला की ते त्याच्याकडे पाहत, तसे. मी तोंड उघडले होते. ते वयाने मोठे, आजार त्यांचा, आणि मी न बोलणारा म्हणून सगळीकडे समंजस ठरलेला माणूस. मी तोंड मिटले. डॉक्टरांनी पट्टा आणि वेदनाशामक गोळ्या लिहून दिल्या.

तपासणीची तारीख येईपर्यंत आणखी दोन महिने गेले. रक्ताच्या डॉक्टरांसमोर भाऊ खुर्चीवरून टेबलाचा आधार घेऊन उठले, तेव्हा डॉक्टरांनी लिहिणे थांबवले.

"पाठ कधीपासून दुखतेय?"

"दिवाळीपासून. पन ते पाठीचं हाय, साहेब. त्याचं औषध चालू हाय."

डॉक्टरांनी त्याच दिवशीच्या तपासण्या लिहून दिल्या. हाडांचे फोटो निघाले, आणि आता तो कर्करोग झाल्याचे कळले. पाठीचा एक मणका खचला होता, आणि गोळ्यांनी की आजारानेच, पण मूत्रपिंडेही थकली होती. उपचार सुरू झाले. मी एकदा डॉक्टरांना एकटे गाठून विचारले, की आधी आलो असतो तर? ते म्हणाले, "फरक पडला असता. किती, ते मी सांगू शकत नाही." त्यांचा तो प्रामाणिकपणा मला अजून जड जातो.

भाऊ त्यानंतर सव्वा वर्ष जगले. उंची चार बोटे कमी झाली होती. दवाखान्यात दाखल असले की पलंगपोस चिमटीत धरून परिचारिकेला सांगत, "बाई, ह्याला धुऊन धुऊन पार जाळी केलीया तुम्ही."

शेवटच्या आठवड्यातल्या एका दुपारी वहिनी डबा धुवायला गेल्या होत्या. भाऊंनी माझी बाही धरली. निकाल दिला नाही, नुसती धरून ठेवली.

"त्या दिशी हाडाच्या डॉक्टराकडं तुम्ही बोलणार व्हतात. मी पाह्यलं."

"हो."

"मीच डोळं वटारलं."

"तरी बोलायला हवं होतं, भाऊ."

त्यांनी नाही म्हटले नाही. माझी समजूत काढायचा प्रयत्नही केला नाही. खिडकीकडे पाहत म्हणाले, "मंगलताईला त्या साडीचं मी तवाच सांगायला पाह्यजे व्हतं. रागवायला शेठजी तरी कुठं उरले व्हते?"

पाचव्या दिवशी ते गेले.

हे मंगलला सांगितले तेव्हा ती कपाटाशी गेली आणि ती डाळिंबी साडी, आता फिकट गुलाबी, मांडीवर घेऊन बसून राहिली.

गेल्या महिन्यात तिला दातांच्या डॉक्टरांकडे नेले होते. दाढ काढायची होती. डॉक्टरांनी हातमोजे चढवत सवयीने विचारले, "आणखी काही आजार, काही गोळ्या?" मंगलने मान हलवली, "नाही हो, दाढच तेवढी." तिच्या हृदयाच्या, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या पर्समध्ये होत्या. तिने माझ्याकडे पाहिले, की उगाच कशाला.

मी खुर्चीवरून उठलो आणि म्हणालो, "आहे."