ओळ संपेपर्यंत

नगरच्या कापडबाजारात आमच्या शेजारच्या स्टुडिओत एक पोरगा फोटो काढायला शिकत होता. साबणाच्या जाहिरातीतली बाई तिरप्या उन्हात बसलेली होती, म्हणून तो सगळ्यांना खिडकीशी तसंच बसवायचा. भिंगाचं झाकण काढलं की ग्रामोफोनवर ऐकलेल्या गाण्याची एक ओळ गुणगुणायचा. ओळ संपली की झाकण बंद. त्याचं घड्याळ तेच.

विलायतेतल्या लढाईमुळे फोटो उमटायच्या काचा मिळेनात, तेव्हा तो रिकाम्या कॅमेऱ्यावरच हात बसवायचा. एकदा माझी आई नवं लुगडं नेसून त्याच्यापुढे बसली. काच नाही हे सांगायचा त्याला धीर झाला नाही. पुढे ती रोज विचारायची आणि तो म्हणायचा, "वाळतोय, काकू."

दिवाळीनंतर आई गेली. मी फोटो मागायला गेले, तेव्हा तो खाली बघत म्हणाला, "आक्का, तवा काचच नव्हती. आज एक मिळालीय. तुमी बसा."

त्याने मला पदर डाव्या कानावर ओढायला लावला. "काकू अशा बसल्या हुत्या," म्हणाला आणि झाकण काढलं.

गाणं अर्ध्यावरच सोडून तो माझ्याकडे बघत राहिला. झाकण उघडंच राहिलं, आणि मी आईसारखी, पापणीही न लववता, ओळ संपायची वाट बघत बसले.