शुभदाच्या वरच्या चार ओळी

“इन्फ्लुएंझा ए पॉझिटिव्ह है, और निमोनिया शुरू हो गया है,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. ताप कधीपासून, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, कालपासून. शेजारी उभ्या असलेल्या नवऱ्याने लगेच सांगून टाकलं, चार दिवस झाले.

खोटं का बोलले ते सांगते. दिल्लीत मयूर विहारमधल्या आमच्या सोसायटीत पंधरावीस मराठी घरं आहेत. संक्रांतीचं हळदीकुंकू दरवर्षी समोरच्या इमारतीतल्या शुभदाकडे असतं. मला तिचा हेवा वाटतो, चांगला नऊ वर्षांपासून वाटतो. तिचं निमंत्रण ग्रुपवर आलं, की वरच्या चार ओळी बघूनच बायका ‘येते गं’ लिहून मोकळ्या होतात.

यंदा मी तिच्याआधी निमंत्रण टाकलं. वरच्या चार ओळी तिच्याच, गेल्या वर्षीच्या मेसेजमधून उचललेल्या. खाली तारीख आणि फ्लॅट नंबर माझा. धडाधड होकार आले. शुभदाने नुसते जोडलेले हात पाठवले.

हळदीकुंकवाच्या दिवशी सकाळी अंग मोडून आलं, ताप एकशे दोन. हळदीकुंकू रथसप्तमीपर्यंत कधीही करता येतं, आणि रथसप्तमीला बरेच दिवस होते. पण मी पुढे ढकललं असतं तर मधल्या दिवसांत शुभदाने केलं असतं. मी पॅरासिटामॉल घेतली आणि तीन तास बायकांना कुंकू लावत उभी राहिले. शुभदालाही लावलं.

दोन दिवसांनी तिला ताप आला. ती त्याच दिवशी डॉक्टरकडे गेली, गोळ्या सुरू केल्या. मी ऑक्सिजन लावून पडलेली असताना नवऱ्याने बातमी आणली, की शुभदा बाल्कनीत कपडे वाळत घालते आहे. मला रडूच आलं. ताप माझ्याकडून गेला, आणि तोही तिने माझ्यापेक्षा चांगला निभावला.

औषध मलाही सुरू होतं, पण उशिरा. उशिराने काय बिघडतं, हे डॉक्टरीणबाईंनी राउंडला समजावलं. या विषाणूचा आरएनए, म्हणजे त्याची सगळी कृती, आठ तुकड्यांत असते. आपली पेशी मात्र ज्या संदेशाच्या सुरुवातीला ‘कॅप’ नावाची खूण असते तोच मानते. विषाणूला ती बनवता येत नाही. मग तो पेशीच्या केंद्रकात शिरून आपल्याच संदेशांची सुरुवात कापतो आणि स्वतःच्या संदेशाला जोडतो. पेशी फसते, त्याची प्रथिनं करून देते आणि त्यांच्या जोरावर तो मूळ कृतीच्या प्रतींवर प्रती काढतो. ही कात्री अडवणारं औषध आहे, नवे विषाणू बाहेर पडू न देणारंही आहे. पण दोन्ही पहिल्या दोन दिवसांत घेतली तर जास्त उपयोगी पडतात.

मी विचारलं, ज्याची सुरुवात कापली त्या संदेशाचं काय होतं?

“वो बेचारा फिर किसी काम का नहीं रहता.”

मी भिंतीकडे तोंड केलं. ते जोडलेले हात आठवत राहिले.

आठव्या दिवशी घरी आले. संध्याकाळी शुभदा डबा घेऊन आली. मी तिला सगळं सांगितलं, त्या दिवशीच्या तापासकट.

“ओळी माझ्या आहेत हे सगळ्यांनीच ओळखलं होतं गं,” ती म्हणाली. “मागितल्या असत्यास तर नव्या लिहून दिल्या असत्या. पण ताप होता तर सांगायचंस ना. सासूबाई असतात माझ्या घरी.”

सासूबाईंना काही झालं नाही, हे माझं नशीब. हे वाचणाऱ्यांना एवढंच सांगते, थंडीच्या दिवसांत असा ताप आला तर त्याच दिवशी डॉक्टरकडे जा आणि घरी आलेल्यांना परत पाठवा.

डब्यात मेतकूट-भात होता. शेवटच्या शितापर्यंत खाल्ला. इतका मऊ भात मला अजून जमलेला नाही.