आत्याचा तास

आमच्या अभ्यासक्रमात कुमरीवर एकच परिच्छेद आहे. रानाचा तुकडा तोडायचा, जाळायचा, तिथं नाचणी पेरायची आणि मग ती जमीन काही वर्षं पडीक सोडायची, ही आम्हा कुणब्यांची जुनी शेती. पुस्तकात तिला 'अशास्त्रीय आणि जंगलाला घातक' म्हटलंय. विद्यार्थिनी असताना मी तेच उत्तर घोकून लिहिलं आणि पैकीच्या पैकी गुण घेतले. जोयड्याच्या रानात वाढलेली मी! त्या गुणांची लाज वाटली ती पुढं त्याच विद्यापीठात शिकवायला लागल्यावर.

म्हणून मी ठरवलं, हा तास आत्या घेईल. नंदिगद्द्याकडच्या डोंगरात तिचा सगळा जन्म गेलाय. शाळेचं तोंड तिनं पाहिलेलं नाही.

विभागप्रमुख हसले. "सांस्कृतिक कार्यक्रमाला आणा ना त्यांना. त्यांच्या पद्धतीची साडी नेसून येऊ दे. मुलं फोटो काढतील."

"ती फोटोला येणार न्हाई, सर." राग आला की माझी भाषा घरची होते. "शिकवायला येईल."

परवानगी आली नाही, नकारही आला नाही. मी आत्याला बोलावून घेतलं.

कंदांची पाटी घेऊन ती बसनं आली. टेबलावर करांदे, कणगं मांडली आणि मला म्हणाली, "आधी पुस्तकात काय लिवलंय ते वाच." मी वाचलं. तोवर प्रमुख शेवटच्या बाकावर येऊन बसले होते.

"ह्ये लिवणाऱ्यानं कधी कंद काढलाय काय?" अर्धं कानडीत, अर्धं मराठीत आत्यानं विचारलं. मुलं हसली. तिनं कोयत्यानं कणगाचा वेलाकडचा शेंडा कापला. "खालचं खायाचं. ह्यो तुकडा त्याच खड्ड्यात परत ठेवायचा, वर माती ओढायची. समदं उपटून न्हेणाऱ्याला आमच्यात कोण बरं म्हणत न्हाई. कुमरीचंबी तसंच, पिकवलेला तुकडा परत रानाला द्यायचा."

"पण रान राखलंत याला पुरावा काय?" प्रमुखांनी विचारलं.

"रानच हाय की. आमी जाळून संपवलं म्हणता, मग ते अजून उभं कसं? आनि सुप्याच्या धरणात किती रान बुडालं, ते ह्या पुस्तकात हाय काय?"

ते पुस्तकात नव्हतं. प्रमुख उठून गेले.

दोनच दिवसांत माझ्याकडं लेखी खुलासा मागितला. अभ्यासक्रमाबाहेरचं का शिकवलं? मी लिहिलं, 'अभ्यासक्रमातलंच शिकवलं. ज्यांच्याविषयी तो परिच्छेद आहे, त्यांनाच बोलावलं.' माफी मागितली नाही. उलट अंतर्गत परीक्षेत आत्यानं सांगितलेल्यावर प्रश्न घातला. काढा म्हणाले, काढला नाही.

परिच्छेद अजून तसाच छापून येतो. मीही तो दरवर्षी वाचून दाखवते आणि मग पोरांना घेऊन आत्याच्या डोंगरावर जाते. गेल्या खेपेला एका मुलीनं त्या ओळीशेजारी पेनानं लिहिलं, 'कुणाला विचारून?' तिनं घाबरून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, "जरा मोठ्या अक्षरात लिही."