भाऊंनी परस्पर दिलेलं उत्तर

भाऊ गेल्याचा हॉस्पिटलातून फोन आला, तेव्हा मी पोळ्या लाटत होते. उरलेल्या पोळ्या भाजल्या, मगच गॅस बंद केला. शोकसभेत आमच्या लालबागच्या चाळीतला जो तो म्हणाला, "भाऊंनी सगळ्यांचे प्रश्न सोडवले." माझे सासरे होते ते. माझाही प्रश्न त्यांनी सोडवला होता... मला न विचारता.

माझी मुलगी सातव्या महिन्यात जन्मली. सिझेरियननंतर मी गुंगीत असतानाच तिला खालच्या मजल्यावर अतिदक्षता विभागात नेलं. दोन दिवसांनी तिच्या मेंदूत रक्तस्राव झाला. व्हेंटिलेटर चालू ठेवायचा की काढायचा, असं डॉक्टरांनी विचारलं. विचारलं 'घरच्यांना'. नवरा भिंतीला टेकून रडत होता, म्हणून उत्तर भाऊंनी दिलं. आत एकालाच सोडत होते; दोन्ही दिवस तेच गेले. नवऱ्याला तिला पाहायचा धीर शेवटपर्यंत झाला नाही. नळ्या काढल्यावर तिने त्यांच्या मांडीवर जीव सोडला. तेव्हा मी वरच्या मजल्यावर, दुधाने ठणकणारी छाती धरून नर्सला विचारत होते, "मला खाली कधी नेणार?"

"तुका त्रास नको म्हणान मियाच सांगान टाकलंय," संध्याकाळी खाटेशी उभे राहून भाऊ म्हणाले. डॉक्टरही म्हणाले, आईची अवस्था नाजूक होती. टाके माझ्या पोटाला होते, तोंडाला नव्हते. कदाचित मीही तेच उत्तर दिलं असतं... पण तिला माझ्या मांडीवर घेऊन. पुढे एकदा भाऊंना विचारलं, ती कशी दिसायची? "आठवणा नाय गे," म्हणून ते चहा अर्धा टाकून उठले.

यंदा त्यांची फुप्फुसं निकामी झाली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून विचारलं, व्हेंटिलेटर लावायचा का? नवऱ्याने माझ्याकडे पाहिलं.

"ते शुद्धीत आहेत. त्यांना विचारा," मी म्हणाले.

"बापाला असं कसं विचारू गं?"

"मग मी विचारते."

विचारलं. मास्कवरचे त्यांचे डोळे घाबरले होते. त्यांनी मान हलवली... नको. मला कीव आली नाही, खोटं कशाला लिहू? मी पुन्हा विचारलं, "भाऊ, ती कशी दिसायची?" त्यांनी डोळे मिटून घेतले. घरात तिला पाहिलेला तो एकच माणूस. तिचा चेहरा घेऊन गेला.

गॅलरीत त्यांची लाकडी खुर्ची आहे. तिच्यात बसून ते अख्ख्या चाळीचे निवाडे करायचे. अजून लोक जाता-येता तिला हात लावून नमस्कार करतात. बसत कुणी नाही. मी बसते. सकाळचा चहा आता तिथेच पिते.