‘ळ’ची शेपटी

ऑइलपेंटचा वास आला की मला डहाणूच्या आमच्या ओटीवरची ती दुपार आठवते. होड्यांवर नावं रंगवणारे एक काका माझ्या जुन्या लॅपटॉपसमोर बसले होते. त्यांच्या हातच्या अक्षरांचा मी फॉन्ट बनवत होते. पडद्यावर आपली अक्षरं बघून ते आधी खूश झाले, मग पडद्याला बोट लावून म्हणाले, “ह्या ‘ळ’ची शेपटी माझी नाय. जरा वर घे.” मी घेतली, पण एक अक्षर बदललं तरी सगळ्या जोडाक्षरांसकट अख्खा फॉन्ट पहिल्यापासून तयार करावा लागे, आणि त्याला पाऊण तास लागे. “म्हणजे एका अक्षरासाठी सगळी होडी परत रंगवायची? आम्ही रॉकेलच्या फडक्याने पुसतो न् पुढे जातो.” मी चहा दिला. पडद्यावरची पट्टी निम्म्यावरून हलेना. काका सारखे खाडीकडे बघत होते, कारण चिखलात टेकलेल्या एका होडीचं नाव पाणी चढायच्या आत पुरं करायचं होतं. “काका, दहाच मिनिटं.” “भरती नाय थांबायची, पोरी,” म्हणत त्यांनी ब्रशचा डबा उचलला. मला तो लॅपटॉप खाडीत फेकावासा वाटला. ते वळणाआड गेले आणि फॉन्ट तयार झाला. त्यानंतर काकांचं पुन्हा येणं झालंच नाही. त्याच वर्षीच्या पावसाळ्यात ते वारले. आता नव्या लॅपटॉपवर तेच काम दोन मिनिटांत होतं. मी शेपटी थोडी वर घेते, थोडी खाली घेते, आणि दर वेळी दोन मिनिटांनी ती कुणाला दाखवायची तेच कळत नाही.